पेडल दाबायला कोणीतरी हवं

मदन महलच्या चढावर गाडीने पहिल्यांदा दगा दिला. पेडल पूर्ण दाबलेलं, आणि इंजिन नुसतं गुरगुरतंय. वेग काही घेईना. मागे हॉर्नचा कल्लोळ. बंद करून पुन्हा चालू केली की दोन दिवस ठीक, मग पुन्हा तेच. गॅरेजवाल्याने इंजिनला हवा सोडणारं थ्रॉटल साफ केलं. फरक पडला नाही तेव्हा ते अख्खंच बदला म्हणाला. मला पटेना. माझी सगळी नोकरी खमरियाच्या कारखान्यात मापं तपासण्यात गेलेली. न मोजता बदलायचं, हे माझ्या हाताला जमत नाही.

रविवारी सकाळी मीटर घेऊन गाडीत वाकलो. पेडलला एक लहानसा सेन्सर असतो. पाय किती दाबला ते तो व्होल्टमध्ये इंजिनला कळवतो. पेडल हळूहळू दाबलं की आकडाही हळूहळू चढायला हवा. पण माझ्या एका हातात मीटर, दुसऱ्यात सेन्सरच्या प्लगमागे टेकवलेली तार. गुडघ्याने पेडल दाबायला गेलो तर तार निसटली. वीट ठेवली, तर पेडल एकदम खालीच गेलं.

हे काम बायको करायची. जुन्या गाडीच्या ब्रेकची हवा काढताना मी गाडीखाली पडून 'दाब, दाब' ओरडायचो, आणि ती वरून म्हणायची, "काहून ओरडून राहिले? दाबून राहिली ना मी!" तिला जाऊन दीड वर्ष झालं होतं. मूलबाळ नव्हतं. तिच्यामागे घरातलं मराठी बोलणंही थांबलं. बाहेर सगळी हिंदीच.

शेवटी समोरच्या घरातल्या निवृत्त मास्तरांना हाक मारली. आमची ओळख नमस्कारापुरती. त्यांनी जन्मभर स्कूटरच चालवलेली. चपला बाहेर काढून ते सीटवर बसले, देवळात बसावं तसे.

"धीरे-धीरे दबाइए," मी म्हटलं.

आकडा चढू लागला. पाऊण, एक, सव्वा, आणि एकदम शून्य. मग थेट दोन.

"फिर से."

बरोबर त्याच जागी पुन्हा शून्य. दोष सापडला होता. आनंदाच्या भरात मी ओरडलो, "अगं, हळू! आता हळू सोड!"

मास्तरांनी पाय तसाच धरून ठेवला. मग अगदी सावकाश सोडला. माझ्याकडे वळून म्हणाले, "भाभीजी बैठती थीं यहाँ?"

"जी," मी म्हटलं आणि मीटरकडेच बघत राहिलो.

सेन्सरसकट नवीन पेडल मागवलं, गुरुवारी स्वतःच बसवलं. मदन महलचा तोच चढ गाडी एका दमात चढली. वर जाऊन बाजूला थांबवली. शेजारची सीट रिकामी. 'झाली बघ' असं सांगायला कोणी नव्हतं. तसाच परत वळलो.

घरी आलो तर मास्तर झाडांना पाणी घालत होते.

"ठीक हो गई?"

"एक बार और देखना पड़ेगा," मी खोटं बोललो.

त्यांनी नळ बंद केला, पाय पुसले आणि येऊन बसले. मी मीटर लावला. आकडा तळापासून वरपर्यंत कुठेही न अडखळता चढला. त्यांना तो दिसत नव्हता.

"फिर से?" त्यांनी विचारलं.

"हाँ," मी म्हटलं, "फिर से."