इंजिनाले अगरबत्ती

भंडारा जिल्ह्यात इंजिनाचा धूर मोजणारा पयला माणूस मीच. म्हंजे मोजत होत्या बाई, मी धूर मोजायच्या मशीनजवळच्या बकऱ्या हाकलत होतो.

बाई लाखांदूरच्या शाळेतून रिटायर होऊन आमच्या गावी राहाले आल्या. सायन्स शिकवत. गावानं त्याइचं नाव धूरबाई पाडलं. "बाई, आज खूप धूर होता," असं कोनी म्हटलं का त्या विचारत, "किती वाजता?"

"दुपारी."

"दुपार म्हंजे टाइम नोहे." मंग वहीत काही लिहत नसत.

भानगड अशी, का टेसनाच्या सायडिंगले मालगाडीचं डिझेल इंजिन उभं राहे, तेही चालू. डबे भरेपर्यंत पूरी दुपार घुर्र घुर्र. ड्रायव्हर झाडाखाली झोपलेला. समोरच आंगनवाडी. उन्हाळ्यात खिडक्या लावून लेकरं आत खोकलत बसत. माह्या घरी एक बल्ब चालू राहला तं बायको बोंबलते, अन् येथी येवढं धूड बिनकामाचं जळते, कोनाले लाज नाही.

बाईनं तक्रार केली तं रेल्वेचा सायेब म्हणे, "बंद करून पुन्हा चालू केलं का जास्त धूर निघते." बाईनं वाद नाही घातला. मशीन आंगनवाडीच्या ओट्यावर माह्याजवळ ठेवली, ड्रायव्हरले चहा पाजला, इंजिन बंद-चालू करायले लावलं. चालू होतानी काळा लोट उठला, जराशानं आकडा खाली आला. उभ्या इंजिनाचा आकडा मात्र दुपारभर उतरतच नव्हता.

रेल्वेच्या मीटिंगमंधी सायेब बाईची वही वाचत होता. जिंकलो, असं वाटून माही जीभ वळवळली. "सायेब, काम पक्कं हाय. रोज मशीनची पूजा करून, अगरबत्ती लावूनच सुरू करत होतो."

बाईनं माह्याकडं पाहलं. त्याइलेही हे आताच समजलं होतं.

सायबानं वही बंद केली. "मंग हा धूर इंजिनाचा, का तुमच्या अगरबत्तीचा?" सारे हासले. आता मले सांगा, अर्ध्या घंट्यात विझणाऱ्या दोन काड्या त्याले दिसल्या, अन् येवढं इंजिन नाही दिसलं.

बाईनं पूरा महिना पुन्हा मोजलं, एकटीनं. तोवर सायबाची बदली झाली. नवा म्हणे, नवा अर्ज करा. इंजिन आजही चालूच हाय.

यंदा बाई पोराकडं नागपूरले गेल्या. जातानी मशीन आंगनवाडीच्या ताईले देली. मी त्याइची बॅग यष्टीत चढवून देली अन् म्हटलं, "बाई, मशीन मले काहून नाही देली?"

"तिले गप राहता येते," बाई बोलल्या.