पूल लिहिणारे भाऊजी

माझ्या धाकट्या दिरांइतका चिडका माणूस परभणी जिल्ह्यात झाला नाही आणि त्यांच्याइतकी लोण्यासारखी भाषणं लिहिणाराही झाला नाही. या दोन्ही गोष्टींसाठी मी त्यांच्यावर गेली तीस वर्षं चिडलेली आहे. तेव्हा माझ्याकडून निःपक्षपाती वगैरे लिखाणाची अपेक्षा कुणी ठेवू नये.

भाऊजी आधी परभणीच्या एका दैनिकात बातमीदार होते. सकाळी डोळा उघडल्यापासून कुणावर तरी खवळलेले. एसटी उशिरा आली की कंडक्टरवर, वेळेवर आली की चहा राहिला म्हणून पुन्हा कंडक्टरवरच. लग्नपत्रिकासुद्धा लाल पेन घेऊन वाचायचे आणि "ह्याच्यात बातमी काय हाय?" म्हणून परत करायचे. एकदा आम्ही सगळे पोखर्णीच्या नरसिंहाला नैवेद्य घेऊन गेलो, तर हे दर्शन सोडून रस्त्यातच भांडत उभे, बायाबापड्यांना प्यायला पाणी का नाही म्हणून. नैवेद्य गारढोण झाला, पण बातमी छापून आली आणि पंधरवड्यात तिथं नळही आला. त्यांच्या रागाला असे नळ यायचे. मी तेव्हा झरीच्या पुढल्या आमच्या खेड्यात शाळेवर बाई होते. संध्याकाळी भाकरी थापायला बसले की भाऊजी चुलीपाशी उकिडवे बसून बातमी वाचून दाखवत. माझा हात थांबला तर वाक्य ठेवायचं, नाहीतर काट! एवढा मान मला कुणी दिला होता? मी मुद्दाम हात थांबवायची आणि मोठ्या विदुषीसारखी छताकडं बघायची. त्या काळात आमच्या घरानं जेवढ्या करपलेल्या भाकरी खाल्ल्या, त्याचं पाप निम्मं पत्रकारितेचं, निम्मं माझ्या शहाणपणाचं.

मग एका मंत्र्यांना त्यांची भाषा आवडली. रागावणारा माणूस पगारावर ठेवला की तो दुसऱ्याच्या तोंडानं गोड बोलतो, हे त्या मंत्र्यांना कळत होतं. मला कळत नव्हतं. भाऊजी मुंबईला भाषणं लिहायला निघाले आणि मी मूर्खासारखे गावभर पेढे वाटले.

सुट्टीत आले तेव्हा मी त्यांना माझ्या वर्गातल्या सुमनचं सांगितलं. मेंढरं राखणाऱ्याची पोर, गणितात लय हुशार. पावसाळ्यात ओढ्याच्या कमरेएवढ्या पाण्यातून दप्तर डोक्यावर धरून शाळेत यायची. भाऊजींनी वहीत टिपून घेतलं. महिन्याभरात आमच्या गावात मंत्र्यांची सभा झाली आणि मंत्री भरल्या गळ्यानं म्हणाले, "दप्तर डोक्यावर घेऊन ओढा ओलांडणाऱ्या त्या लेकीला मी पूल देणार!" पहिली टाळी माझी. नवं लुगडं नेसून पुढंच बसले होते. शेजारणीला कोपरानं ढोसून म्हणाले, "ते मी सांगितलंय बरं का." सुमनचा बाप सातवीनंतर पोरीला काढणार होता, तो म्हणाला, "बाई, पूल व्हायलाय म्हनं. ऱ्हाऊ द्या अजून एक साल."

ओढ्यावर दोन खुंट्या ठोकल्या गेल्या. पुढल्या पावसाळ्यात त्याही वाहून गेल्या. मी समजूत काढायला गेले तर सुमनचा बाप म्हणाला, "पोरगी व्हावून गेली तर भाषन दिताव का मला?" सुमन घरी बसली.

वाक्य मात्र कुठं बसतंय? टाळ्या घेणारं वाक्य भाऊजी टाकून देत नसत. पुढल्या सभेत ते, त्याच्या पुढल्या सभेत तेच. एका गावात तर एक म्हातारा उठून म्हणाला, "सायेब, आमच्याकडं वढाच न्हाई. पूल द्यायचा तर आधी वढा द्या." हे मला हसत हसत सांगायला आले भाऊजी! मी परात आपटली. "आणि आमच्या पुलाचं काय?"

"वहिनी, माझं काम बोलणं लिहायचं. पूल बांधायचं न्हाई."

त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. सूनबाईला मध्ये घालायची, "त्यांना सांग, चहा झालाय." ते दोन हातांच्या अंतरावर बसून म्हणायचे, "त्यांना सांग, साखर कमी हाय."

निवृत्त होऊन भाऊजी गावीच राहायला आले. यंदा नवे मंत्री आले आणि त्यांनी कागद काढून तेच वाक्य वाचलं. शब्द न् शब्द तेच. दप्तर, ओढा, लेक. मी उठणारच होते, तेवढ्यात पलीकडून भाऊजी उभे राहिले. पंच्याहत्तरीचा माणूस, हात उंचावून ओरडला. "बंद करा! हे मी लिहिलंय. ती लेक चाळिशीची झाली. आता तिची पोरगी त्याच पाण्यातून जायलीय. मी खोटं लिहिलं, तुमी खोटं वाचायलाव!" पोलिसांनी त्यांना दोन्ही दंडांना धरून मांडवाबाहेर नेलं. सभा पुढं चालू राहिली. टाळ्यासुद्धा पडल्या.

घरी आले तेव्हा सदऱ्याचा खिसा फाटलेला होता. कित्येक वर्षांनी माझ्याकडं बघून थेट विचारलं, "वहिनी, लय उशीर झाला का?"

"झाला," मी म्हणाले. खोटं कशाला बोलू? त्या घरात ते पुष्कळ झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी घरात नव्हते. मी ओढ्यावर गेले. धोतर मांड्यांपर्यंत खोचून मधोमध पाण्यात उभे होते आणि सुमनच्या लेकीचा हात धरून तिच्यावर खेकसत होते, "अगं भवाने, पुढं बघ की! दगड शेवाळलाय." मागं आणखी चार पोरी रांगेत उभ्या. पावसाळाभर भाऊजी रोज जातात. पूल नाहीच. माझा रागही गेलेला नाही, तो मी जाऊ देणार नाही. फक्त रोज सकाळी काठी टेकत मीही काठावर जाऊन उभी राहते. पाण्याला जोर असतो, आणि भाऊजींचे पाय आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत.