सिस्टरच्या पुस्तकांचा भाव

ऐतिहासिक कादंबरीतला नायक घोडा घेतो, तिथे माझं डोकं फिरतं. ‘त्याने एक उमदा घोडा खरेदी केला’, एवढंच. कुणाकडून घेतला? दात बघितले का? चार पावलं चालवून तरी बघितला का? ते काही नाही. पुढच्या ओळीत नायक घाट चढून नायिकेच्या वाड्यापाशी पोचलेला असतो. शेळ्या-बोकडांच्या व्यापारात माझे केस पांढरे झाले. असं वाक्य आलं की घासात खडा आल्यासारखं होतं.

तरीही मी तीच पुस्तकं वाचते. बारामतीच्या वाचनालयातून आणते, कधी स्टँडजवळ जुनी मिळाली तर विकत घेते. मला स्वच्छ प्रेमकथा लागते. तो मोहिमेवर जातो, ती थांबते, मध्ये कुणीतरी खोटी बातमी आणतो, शेवटी दोघं भेटतात, दिवा मालवतो आणि प्रकरण संपतं. दिवा मालवल्यावर काय झालं ते मला कुणी सांगायची गरज नाही, मला तीन लेकरं आहेत. दिवसभर बाजारात कानावर काय काय पडतं ते लिहिण्यासारखं नाही. घरी आल्यावर कुणीतरी कुणाशी नीट बोलतंय, एवढं वाचायला मिळालं तरी बरं वाटतं.

माझ्या वडिलांची मेंढरं होती. सातवीनंतर मी त्यांच्या मागे गेले, वाचायचं मात्र सोडलं नाही. मेंढरं संपली, नवरा गेला, तेव्हा दोन शेळ्यांवर धंदा सुरू केला. जनावरांच्या बाजारात भाव रुमालाखाली ठरतो. दोघे हातावर रुमाल टाकतात, आत एकमेकांची बोटं दाबतात, आणि बाहेर उभ्या असलेल्याला आकडा कळत नाही. बाईच्या हाताला हात कोण लावणार? दलाल लाजायचे, नाहीतर नको तसे हसायचे. म्हणून मी पहिल्या दिवसापासून माझा भाव तोंडाने, सगळ्यांदेखत सांगितला. त्यावरून भांडखोर म्हणून नाव पडलं ते पडलंच. पण माझ्या सौद्यात झाकलेलं काही नसतं.

ख्रिस्ती पुस्तकांची ओळख सिस्टरने करून दिली. ती इंदापूरला एका दवाखान्यात नर्स होती, आता निवृत्त आहे. एका बोकडाने मांडीत शिंग घातलं म्हणून मी तिच्या वॉर्डात भरती झाले होते आणि टाके घालताना सगळा दवाखाना डोक्यावर घेतला होता.

“वाचता येतं का?” तिने विचारलं.

“येतंय की! का?”

“मग हे घ्या आणि तोंड मिटून वाचा. बाकीचे पेशंट झोपलेत.”

पुस्तक होतं एका विधवेचं. परक्या देशातली, बर्फातली. नवरा मेलेला, दोन लेकरं, आणि ती भाकरीसारखं काहीतरी भाजून गावात विकते. मी रात्रीतून संपवलं. आमच्या कादंबऱ्यांतली नायिका झरोक्यात उभी असते, ही पिठात हात घालून उभी होती. आणि तिच्यावर प्रेम करणारा सुतार एका प्रकरणात तिला सरळ म्हणतो, माझं चुकलं. आमचे नायक गड घेतात, पण बायकोपुढे चुकलो म्हणताना एकही मला आजवर सापडलेला नाही.

तिथून आमची देवघेव सुरू झाली. आमच्या पिंपळीहून इंदापूरच्या बाजाराला जायचं तर एसटीत भवानीनगरच्या अलीकडे-पलीकडे उसाच्या गाड्यांमागे अडकायला होतं. तेवढ्यात माझी दोन प्रकरणं व्हायची. बाजार उरकला की सिस्टरकडे चहा. तिची पुस्तकं मी न्यायची, माझी तिला द्यायची. तिला माझ्या कादंबऱ्यांतल्या लढाया आवडत नसत, ती पानं ती उलटून टाकायची. मला तिच्या पुस्तकांतले शेवट पटत नसत. दोन बहिणींच्या एका गोष्टीत धाकटी थोरलीचं घर बळकावते, वीस वर्षं तोंड दाखवत नाही, आणि शेवटच्या चार पानांत रडत येते. थोरली तिला जवळ घेते. मी ते पुस्तक भिंतीवर फेकलं होतं.

“घराचं काय झालं?” मी सिस्टरला विचारलं. “घर परत दिलं का न्हाय तिनं?”

“अगं, ते महत्त्वाचं नाही त्यात.”

“तुमी कधी घर बांधलं न्हाय, सिस्टर. क्वार्टरमदी ऱ्हायलात.”

ती खूप हसली. तिच्याशी भांडण्यात मजा होती. माझ्या रागाला न घाबरणारं दुसरं माणूस मला माहीत नाही.

गेल्या नाताळला तिने बोलावलं. मी गेले तर खोलीत पाच-सहा बायका बसलेल्या, तिच्या चर्चच्या मंडळीतल्या. करंज्या होत्या, केक होता. मी करंजी हातात घेतली, तोच एक बाई माझ्याजवळ सरकल्या. चेहरा अगदी मायाळू.

“तुम्हीच का त्या पिंपळीच्या ताई! इतकं बरं वाटलं बघून. किती वर्षं झाली, आम्ही दर रविवारी तुमच्यासाठी प्रार्थना करतो.”

“कशापायी? मला काय झालंय?”

“तुम्ही प्रभूकडे यावं म्हणून. सिस्टर म्हणतात, पुस्तकं आवडीने वाचतात, आता फार लांब नाही.”

मी सिस्टरकडे बघितलं. ती बशी पुसत होती. ती मान वर करेना.

करंजी मी तशीच ठेवली आणि निघाले. एसटीत पुस्तक उघडलं नाही. एवढी वर्षं रुमालाखाली माझी बोटं कुणी धरली नव्हती, आणि इथे चहा पितापिता सौदा चालला होता, मलाच त्याचा पत्ता नव्हता. विधवेचं पुस्तक, बहिणींचं पुस्तक, अनाथाश्रमातल्या मुलीचं पुस्तक, प्रत्येकाला मागे एक भाव लावलेला होता. आणि तो भाव मी होते. मला बदलायचं असेल तर समोर बसून सांग. मी नाही म्हणेन, भांडण होईल, विषय मिटेल. पण दर रविवारी परक्या बायकांपुढे माझं नाव? त्यांना माहीत, मला माहीत नाही?

दोन महिने मी गेले नाही. जुनी पुस्तकं परत चाळली, तर प्रत्येक पानावर तीच शंका. तो सुतार चांगला होता तो चांगला म्हणून, की मला ओढायला? याचा राग मला सगळ्यात जास्त आला. आवडलेली पुस्तकं आवडेनाशी झाली.

शेवटी एका बाजाराच्या दिवशी गेले. चहाही घेतला नाही. मनातलं सगळं बोलले, शेजारच्या घरात ऐकू जाईल असं. सिस्टरने ऐकून घेतलं.

“झालं? आता माझं ऐक. माझं डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा माझ्या उशीखाली भंडारा कुणी ठेवला?”

मी खिडकीबाहेर बघायला लागले.

“मी नर्स आहे बाई. माझी चादर मीच झटकते. सगळी उशी पिवळी झाली होती.”

“मी नवस बोलले हुते खंडोबाला. तुमचा डोळा चांगला व्हावा म्हणून.”

“मला विचारलंस?”

“न्हाय. पर तुमी जेजुरीला या, असं तर न्हाय ना मागितलं! तुमी हाय तशाच ऱ्हाऊन तुमाला दिसावं, एवढंच मागितलं. तुमी मला हाय तशी ठिवाया तयार न्हाय. ह्यो फरक हाय, सिस्टर.”

तिने हळूच मान हलवली. तो फरक तिला दिसला होता, हे मला कळलं. मग म्हणाली, “मग आता काय करू?”

“काय मागता ते माझ्यापुढं मागा. मोठ्यानं.”

तिने खरंच डोळे मिटले. मला वाटलं नव्हतं. “प्रभू, हिचे गुडघे दुखतात, त्यांना आराम दे. हिच्या लेकरांना सांभाळ. हिचा राग कमी कर.”

“राग ऱ्हाऊ द्या. त्याच्यावर धंदा हाय माझा.”

डोळे न उघडता ती हसली, मग हसू गेलं. मला वाटलं आता ती थांबेल. माझ्यासमोर पुढचं वाक्य गिळेल. तिने गिळलं नाही.

“आणि हिला तुझ्या घरी आण.”

डोळे उघडून तिने माझ्याकडे बघितलं.

“ते व्हायचं न्हाय,” मी म्हटलं.

“माहीत आहे.”

“मग ते सोडून बाकीचं मागा.”

“नाही सोडणार. माझ्याकडे सगळ्यात चांगलं जे आहे, ते तुझ्यासाठी मागायचं नाही, तर कुणासाठी मागू?”

कुठल्याही सौद्यात मध्ये एक जागा असते. एकाने चढायचं, एकाने उतरायचं. ती जागा शोधण्यावर मी आयुष्यभर पोट भरलं. त्या खोलीत मी ती शोधली आणि मला सापडली नाही. ती खोटं बोलत नव्हती आणि मीही नव्हते. मी उठले. तिची दोन पुस्तकं टेबलावर ठेवली. नवीन काही मागितलं नाही, तिनेही दिलं नाही.

फाटकाची कडी लावायला मी उगाच वेळ घालवला. गिऱ्हाईक पाठ फिरवून चालायला लागलं की मागून हाक येते, हा धंद्यातला रोजचा अनुभव. आतून कप विसळल्याचा आवाज आला. हाक आली नाही.

आता बाजारासाठी इंदापूरला जाते, तिच्या गल्लीत जात नाही. वाचनालयातून एखादी कादंबरी आणते. नायक-नायिका भेटतात, दिवा मालवतो, आणि यावर वाद घालायला कुणी नसतं. रविवारी सकाळी शेळ्यांना पाला टाकताना वाटतं, आता तिकडे त्या बायका बसल्या असतील, माझं नाव निघालं असेल. मग राग येतो, चांगला डोक्यापर्यंत येतो. पण एखाद्या रविवारी मनात येतं, समजा तिने माझं नाव घेणं सोडून दिलं असेल तर? तेव्हा राग कुठल्या कुठे जातो, आणि पाल्याची पेंढी हातात धरून मी तशीच उभी राहते.