डिस्कच्या भोकांतली हळद

सुकापूरच्या काकींमुळं मी आज पनवेलात आहे, हे आधी लिहून टाकतो. काय घडलं ते मागून सांगेन. घडलेलं आधी सांगितलं की ऐकणारा पहिला प्रश्न हाच विचारतो, ब्रेक कुणी बसवले होते? ब्रेक मी बसवले होते.

काकी म्हणजे माझ्या घरमालकीण. त्यांच्या घरामागं भाड्याच्या खोल्यांची ओळ आहे, तिच्यातली शेवटची माझी. मी हिंगोलीकडचा. आठवीत शाळा सुटली आणि कामामागं फिरत फिरत कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलला लागलो. घाट उतरून आलेल्या ट्रकांची चाकं उघडायची, ब्रेकचे जळालेले लायनर काढायचे. तो वास अजून नाकात आहे, केस जळाल्यासारखा. एखादा ड्रायव्हर खाली उतरून नुसता बसून राहायचा, चहा दिला तरी हात पुढं करायचा नाही. आम्ही समजायचो, घाटात याच्या पायाखाली ब्रेक उरला नव्हता. तेव्हापासून मला उताराची भीती बसली.

पुढं कावीळ झाली आणि ते काम गेलं. अंथरुणाला खिळलो तेव्हा काकींनी रोज पेज करून घातली. आमच्याकडं ज्वारीची भाकरी, त्यांच्याकडं तांदूळ. पण त्या पेजेची चव मला आईच्या हातासारखीच लागली. बरा झालो तसं त्यांच्या मुलानं, दादानं, मला नवीन पनवेलातल्या सायकलच्या दुकानात चिकटवलं.

दादा त्यांचा एकुलता एक. वडील लवकर गेलेले. घरातला मोठा शब्द काकींच्या थोरल्या दिरांचा, म्हणजे दादाच्या थोरल्या काकांचा. दादाचा धंदा करंजाड्याकडच्या इमारतींना रेती-खडी पुरवायचा, आणि रविवारी डोंगर. त्यानं पुण्याच्या कुणाकडून डाउनहिलची जुनी सायकल आणली. जाड टायर, पुढं-मागं भलेमोठे शॉकअप, आणि ब्रेक बाद झालेले. ही सायकल चढायसाठी नसतेच. पिकअपमध्ये टाकून वर न्यायची आणि दगडाधोंड्यांतून खाली सोडायची. ब्रेक कुठले घ्यायचे ते तूच ठरव, असं दादा म्हणाला, आणि माझी झोप गेली.

त्याला लाल, हलके ब्रेक हवे होते, त्याच्या ऑफिसवाल्या मित्रांच्या सायकलींना होते तसे. मोबाइलवर फोटो दाखवून दाखवून त्यानं मला वेड लावलं. ते ब्रेक काही वाईट नव्हते. पण डिस्क, म्हणजे चाकाला जोडलेली लोखंडी तबकडी, दाबायला त्यांच्यात दोनच पिस्टन. साध्या रस्त्यावर, थोड्या चढ-उतारावर ते पुरतात. नुसत्या उतारावर मात्र बोट लिव्हरवरून हलतच नाही. डिस्क तापते, मग तिला चिमटीत धरणारे पॅड तापतात, मग ब्रेकच्या आतलं तेल. तेल उकळलं की लिव्हर सरळ हँडलला येऊन टेकते आणि सायकल आपली चाललेलीच.

मी चार पिस्टनचे म्हणालो. काळे, जड, दिसायला ओबडधोबड. डिस्क बसेल तेवढी मोठी, म्हणजे तापायला वेळ घेईल आणि लवकर निवेल. ब्रेकचं तेलही दोन जातींचं येतं. एक जात हवेतलं पाणी ओढते आणि मग लवकर उकळते, आणि आपल्या खाडीकाठच्या हवेत पाण्याला काय तोटा? म्हणून दुसऱ्या जातीचं धरलं. पॅडचं आणखी निराळंच. मऊ पॅड गुमान चालतात पण लवकर जळतात. धातूचे पॅड कुरकुरतात, तापले तरी धरून ठेवतात. मी कुरकुरणारे घेतले.

"माझ्या सायकलला ट्रकचे ब्रेक लावतोस काय रे?" दादा म्हणाला. दुकान हसलं. मीपण हसलो, पण माझं म्हणणं सोडलं नाही. शेवटी त्यानं लाल रंगाचा नाद सोडला. त्याला पटलं होतं असं नाही, माझं तोंड बघून सोडला.

नवे पॅड डिस्कवर बसवून घ्यावे लागतात. वेग घ्यायचा, ब्रेक दाबायचा, पुरतं थांबायच्या आत सोडायचा, पुन्हा वेग घ्यायचा. सुकापूरच्या रस्त्यावर मी हे करत सुटलो तेव्हा गल्लीतल्या बायका दारात येऊन बघत होत्या. याला काही झालंय का, असं एकीनं काकींना विचारलं म्हणे. डिस्कला हात लावू नको, बोटाचा तेलकटपणासुद्धा पॅड पितात, असं मी दादाला बजावलं. त्यानं मान हलवली. ब्रेक चाकाला असा धरत होता की माझं मलाच बरं वाटलं. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळची ही गोष्ट.

दसऱ्याला मी दिवसभर दुकानात होतो, पूजा आणि गिऱ्हाईक. रविवारी आम्ही प्रबळगडाच्या बाजूच्या एका कच्च्या वाटेवर गेलो. दादा, त्याचे दोन मित्र आणि मी. पाऊस नुकता सरलेला. गवत पिवळं पडायला लागलेलं, त्याच्या खाली सुटे दगड झाकलेले. वर वारा नव्हता. पक्षीसुद्धा बोलत नव्हते, की मलाच ऐकू येत नव्हते, सांगता येत नाही. सायकलीच्या हँडलला झेंडूची माळ तशीच होती, सुकून काळी पडलेली. ती मी काढली तर दादा म्हणाला, राहू दे, आईनं बांधलीय.

त्यानं जागेवरच पुढंमागं करून ब्रेक दाबला, आणि मला तो आवाज ऐकू आला.

कुरकूर मला ठाऊक होती. हा आवाज तो नव्हता. हा लांब होता, घशातून रडल्यासारखा. मी म्हणालो, थांब, चाक काढून बघतो. मित्रांनी एकमेकांकडं पाहिलं. मी आधीच घाबरट म्हणून प्रसिद्ध. टर्मिनलवरच्या गोष्टी मी त्यांना इतक्यांदा सांगितल्या होत्या की आता त्यांना त्या पाठ होत्या.

"धातूचे पॅड आवाज करतात, हे तूच सांगितलंस ना?" दादानं हेल्मेटचा पट्टा आवळला. "तू पिकअप घेऊन ये. खाली चहा पिऊ."

आणि तो सुटला. पहिल्या वळणाला तो रडका आवाज आला. दुसऱ्या वळणाला आला, जास्त लांब. झाडांमागून त्याचं हेल्मेट दिसलं आणि गेलं. मग तिसऱ्यांदा आवाज सुरू झाला आणि मध्येच बंद पडला. ब्रेक लागला असेल, थांबला असेल, असं मी मनाला सांगत पळत उतरत होतो. वाटेवर ब्रेक लागल्याची खूण कुठंच नव्हती. चाकाची रेघ सरळ, मोकळी, वळणाच्या बाहेर गेलेली होती.

तो करवंदीच्या जाळीत पडलेला सापडला. डोळे उघडे होते. हाक मारली तर ओ देत नव्हता.

पनवेलच्या दवाखान्यात त्याला आत नेलं आणि आम्ही बाहेर. गळ्याचं हाड, फासळ्या, पाय. आणि डोक्याचं काय ते उद्यापर्यंत सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. काकी भिंतीला टेकून उभ्या होत्या, रडत नव्हत्या. थोरले काका आले. त्यांनी मित्रांना दोनच गोष्टी विचारल्या, काय झालं आणि ब्रेक कुणाचे. मग माझ्याकडं न बघता ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, की कुठला कोण, शाळा नाही, गाव नाही, त्याच्या हाती आमच्या पोराचा जीव. आणि मला म्हणाले, संध्याकाळपर्यंत खोली मोकळी कर.

मी खाली मान घालून निघालो. मलाही वाटत होतं, माझंच कुठंतरी चुकलं. लाल ब्रेक घेतले असते तर, असं सुद्धा मनात येऊन गेलं.

खोलीवर येऊन पिशवी भरली. मग राहवेना, म्हणून अंगणात आणून ठेवलेली सायकल उलटी केली आणि पुढचं चाक काढलं. डिस्क वरून लख्ख होती. पण तिला हवा खेळायला बारीक भोकं असतात, आणि त्या भोकांत काहीतरी पिवळं भरलं होतं. नखानं काढून बघितलं. चिकट. पॅड काढले तर ते तेलानं काळे पडून चकाकत होते, पाण्यात भिजल्या वातीसारखे निकामी.

मला सगळं कळलं. कळल्यावर जास्तच भीती वाटली. हे घेऊन मी कुणाकडं जाणार होतो? दवाखान्यात भिंतीला टेकून उभ्या असलेल्या काकींना हे दाखवायचं?

काकी दादाचे कपडे न्यायला आल्या होत्या, ते मला कळलंच नाही. मागून आवाज आला.

"हलद हाय ना ही?"

"माती असेल काकी. डोंगराची."

"डोंगराची माती लाल रं."

त्या ओट्यावर बसल्या. त्यांच्या सासऱ्यांचं मिठागर होतं. मीठ लोखंडाला खातं, म्हणून दसऱ्याला घरातलं सगळं लोखंड धुऊन त्याला तेलात कालवलेली हळद चोळायची, ही त्यांच्याकडची रीत. मिठागर गेलं, तिथं इमारती आल्या, पण सासऱ्यांचं फावडं अजून कोपऱ्यात आहे आणि त्याला दर वर्षी तेल-हळद लागते. या वर्षी पोराच्या सायकलीला नवं चकचकीत लोखंड आलेलं. त्यावर त्यांनी दोन्ही बाजूंनी हात फिरवला, सगळ्यात जास्त तिथंच. मग दादा ओरडेल म्हणून फडक्यानं पुसून काढलं. हे त्या मला सांगत होत्या आणि आपल्याच तळव्याकडं बघत होत्या.

मी म्हणालो, काकी, हे आपल्या दोघांत राहू द्या, मी जातो.

त्या उठल्या. मला चाक हातात घ्यायला लावलं आणि रिक्षात बसवून परत दवाखान्यात नेलं. थोरल्या काकांसमोर, जमलेल्या नातेवाइकांसमोर त्या उभ्या राहिल्या.

"ब्रेक त्यानं बरोबर लावला व्हता. त्याला तेल मी लावलं. माज्या हातानं." मग जरा थांबून म्हणाल्या, "आनि खोली माज्या नावावर हाय. तो नाय जानार."

थोरले काका खिडकीकडं गेले. मागं एक बाई कुजबुजली, आईनंच का, आणि ते काकींनी ऐकलं. तोंड फिरवलं नाही. माझ्यावरचं उचलून त्यांनी आपल्या डोक्यावर घेतलं होतं, आणि आत त्यांचा मुलगा अजून ओ देत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दादानं ओ दिली. आता तो काठी घेऊन चालतो. त्याला आईनं स्वतःच सांगितलं. तो हसला म्हणे, आणि म्हणाला, फावड्याला तेल चालतं, फावडं घेऊन उतरलो असतो तर पोचलो असतो. काकी हसल्या नाहीत. त्यांना नीट झोप नाही. दुकानात कुठल्याही सायकलीचा ब्रेक रडला की मीही हातातलं काम टाकून उठतो.

दादा पुन्हा डोंगरावर जायचं म्हणतोय. सायकल माझ्या खोलीत उभी आहे. डिस्क बदलली, पॅड बदलले, ब्रेक तेच काळे. काकी येऊन दारातून बघून जातात. त्यांचं देणं माझ्याकडं आहे. ज्या दिवशी दादा निघेल त्या दिवशी त्या वाटेवरून, त्याच सायकलीवर, आधी मी खाली उतरेन. मला उताराची किती भीती वाटते ते त्यांना ठाऊक आहे. ती तिन्ही वळणं मी ब्रेक दाबून बघेन, आणि मगच सायकल काकींच्या मुलाच्या हातात देईन.