पाठ फिरवून ऐकणारे मिस्त्री

शिलाईमशीन दुरुस्त करणारे मिस्त्री गिऱ्हाइकाकडे पाठ करून उभे राहत. नव्या माणसाला तो अपमान वाटे. आपण एवढं ओझं वाहून आणलं आणि हा बुवा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसलाय! पण मिस्त्री म्हणत, "दोरा काढा आणि नुसतं चालवा. ऐकतोय मी." मशीन दोन मिनिटं खडखडे. मग कॅलेंडराकडे बघतच ते सांगत, "शटल झिजलंय," किंवा "पट्टा सैल पडलाय," किंवा, "मशीन ठणठणीत आहे, बाई. तुम्ही रागारागानं पाय मारता." हे शेवटचं ऐकून एका शिंपीणबाईंनी सहा महिने अबोला धरला. मशीन मात्र दुसरीकडे नेलं नाही.

"एवढा तयार कान कुठून आणलात?" असं कुणी विचारलं की मिस्त्री सांगत, "शाळेतून." लोक खो खो हसत. कारण शाळेत मिस्त्री म्हणजे 'ढ'ला हातपाय फुटलेले. तिसरीत दोनदा, चौथीत दोनदा, आणि पाचवीच्या उंबऱ्यावर मास्तरांनीच हात जोडले.

पण तो कान खरंच शाळेतून आला होता. तिसरीत असताना एकदा पाढे चालू होते. दारावर थाप पडली आणि शिपाई म्हणाला, "याला घरी बोलावलंय." घरी दारात चपलांचा ढीग, आणि आई नाही. जो तो म्हणे, "मामाकडे गेलीय. येईल हं." उद्या, परवा, तेरवा. याहून जास्त कुणी काही बोललंच नाही. पोरानं आपल्या परीनं हिशेब लावला, की थाप पडली तेव्हा आई गेली, म्हणजे थाप पडेल तेव्हाच ती येणार. तेव्हापासून त्याचे डोळे फळ्यावर आणि कान दाराला. हेडमास्तरांची डावी टाच घासते, शिपायाच्या खिशात तीन किल्ल्या आहेत, सगळं त्याला पाठ. पाढे तेवढे नाहीत. मास्तरांनी विचारावं, "सात सक?" यानं सांगावं, "हेडमास्तर येतायत." आणि ते खरंच यायचे! मार दोन्हीसाठी बसायचा.

तर अशा या मिस्त्रींच्या घरी त्यांची नात राहायला आली. नऊ वर्षांची, अंगानं काडी, म्हणून नाव पडलं बारकी. तिच्या बापाचं नाव घरात कुणी काढत नसे. काढलंच तर शिवीसकट. तिच्या आईला, म्हणजे मिस्त्रींच्या लेकीला, दूरच्या शहरात दोन वर्षांची नोकरी लागली होती. पोरीला सांगायचं कसं? युक्ती मिस्त्रींनीच काढली. "रडारड नको. नेहमीसारखी तिला स्कूटरवरून शाळेत सोड आणि तशीच पुढं नीघ." संध्याकाळी बारकीनं विचारलं, "आई कुठाय?" मिस्त्री म्हणाले, "कामाला गेलीय. येईल हं."

त्याला दोन महिने झाले. फोनवर आईही तेच म्हणे, "येते हं बाळा." आणि दुकानांच्या पाट्या धडाधड वाचणारी बारकी पंचवीसपैकी तीन मार्क घेऊन घरी आली. सोबत वर्गबाईंची चिठ्ठी. पालकांनी भेटावे, असेच चालू राहिले तर मुलीला याच वर्गात पुन्हा बसवावे लागेल.

"तुमच्यावर गेलीय," आजी म्हणाली.

"कान माझे घेतलेत. डोकं तुझ्या माहेरचं."

"माझ्या माहेरी कुणी नापास झालं नाही!"

"शाळेचं तोंड कुणी पाहिलं असतं तर झालं असतं."

"पुरे. माझे गुडघे धरलेत, तुम्हीच जा."

"शाळा म्हटलं की माझं पोट दुखतं हो."

"अहो, वय काय तुमचं?"

"पोटाला कुठलं आलंय वय?"

पण गेले. धुतलेला सदरा घालून, दोनदा पाणी पिऊन गेले. वर्गबाई त्यांच्या लेकीपेक्षाही लहान. वर्गाच्या दाराशीच बोलू लागल्या, "आबा, पोर हुशार आहे हो. पण लक्षच नसतं. कानात बोळे घातल्यासारखी बसते."

कानाचं नाव निघाल्यावर मिस्त्रींना जरा धीर आला. "बाई, तुम्ही शिकवा. मी मागं उभा राहून ऐकतो," म्हणाले आणि वर्गाच्या मागच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. चाळीस पोरं वळून बघायला लागली.

"ए बारके, तुझ्या आबांना शिक्षा झाली!"

बाईंनी ओठ दाबून हसू गिळलं आणि फळ्यावर गुणाकार घातले. चाळीस पेन्सिली खरखरू लागल्या. मिस्त्रींनी त्यातून बारकीची वेगळी काढली. खिडकीशी दुसरा बाक, दाबून लिहिणारा हात. सकाळी त्यांनीच टोक काढून दिलं होतं. पेन्सिल झकास चालत होती. रस्त्यावरून ट्रक गेला, पेन्सिल चालूच. मोटारसायकल गेली, चालूच. मग एक स्कूटर आली, आणि पेन्सिल थांबली. स्कूटर कोपऱ्यावरून वळून गेली, तेव्हा पुन्हा सुरू झाली. पण आता तिची चाल अडखळत होती, मधला आकडा हरवल्यासारखी. दुसरी स्कूटर, तिसरी, पाचवी. पाचही वेळा थांबली.

आणि ती स्कूटर तर लेकीनं जाण्याच्या दिवशीच विकली होती. तेही पोरीला कुणी सांगितलं नव्हतं.

 हा बिघाड मिस्त्रींच्या ओळखीचा होता. पन्नास वर्षं अंगात घेऊन फिरत होते. आणि तोच त्यांनी स्वतःच्या हातानं नातीत बसवला होता.

बाहेर येऊन ते बाईंना म्हणाले, "बोळे नाहीत हो. अख्खा वर्ग ऐकत नसेल एवढं ती ऐकते. फक्त तुमचं ऐकायला कान शिल्लक राहत नाही. आई येतेय का, याच्यावर आहे सगळं लक्ष. चूक माझी. आजच तिला खरं सांगतो."

"मग आत्ताच घेऊन जा. शिपायाला पाठवते बोलवायला."

"नको!" मिस्त्री एवढ्या मोठ्यानं ओरडले की शेजारच्या वर्गाचे पाढे थांबले. मग ओशाळून म्हणाले, "वर्गातून उठवू नका तिला. मी थांबतो." आणि दारातून आत डोकावून सांगितलं, "बारके, मी इथं बाहेरच्या बाकावर आहे. घंटा झाली की दोघं मिळून जाऊ."

दोन तास बसले. बाक पहिलीच्या पोरांचा होता. उठताना शिपायानं हात दिला.

दुकानात आल्यावर त्यांनी शटर अर्धं ओढलं आणि सांगून टाकलं. "आई आज येणार नाही. उद्याही नाही. मोठ्या सुट्टीत येईल, आठ दिवस राहील, परत जाईल. असं दोन वर्षं."

"आणि स्कूटर?"

"विकली."

दोन वर्षांचं ऐकून न रडलेली पोर स्कूटरचं ऐकून रडली. हाताशी आलेला स्क्रूंचा खणाखणांचा डबा तिनं भिरकावला. जन्मभर साइजप्रमाणे लावलेले स्क्रू दुकानभर झाले. मिस्त्री खाली बसून वेचू लागले, आणि वेचता वेचता त्या थापेची, शिपायाची, चपलांच्या ढिगाची गोष्ट सांगून गेले. ती आजीलाही कधी सांगितली नव्हती.

बारकी नाक पुसत त्यांच्या शेजारी बसली. "मग तुमची आई आली?"

"नाही. ती वारली होती. मला कुणी सांगितलंच नाही."

"मग तुम्ही अजून ऐकता?"

मिस्त्रींच्या हातातला स्क्रू हातातच राहिला. "सवय लागली गं," म्हणाले.

"दोन वर्षं तर दोन वर्षं म्हणायचं ना! मी काय कुकुलं बाळ आहे?" असं म्हणून तिनं मोठा स्क्रू बारक्या स्क्रूंच्या खणात टाकला. मुद्दाम.

तीन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. आजीनं तेवढ्यात टोमणा मारून घेतला, "तुमची शिंपीणबाई सहा महिने बोलली नव्हती. स्वस्तात सुटलात." फोनवर लेकीनं आधी बापाला झापलं, मग सुट्टीत येण्याची तारीख दिली. बारकीनं ती दुकानातल्या कॅलेंडरावर लाल पेन्सिलीनं गोल केली.

पुढच्या चाचणीत नऊ मार्क पडले.

"पंचवीसपैकी नऊ!" आजीनं कपाळाला हात लावला.

"तिप्पट झाले की!" मिस्त्री म्हणाले. "आणि सात सक बेचाळीस बरोबर आहे. हे मला आज कळलं."

हल्ली ती दुकानात बसूनच अभ्यास करते. परवा रस्त्यावरून स्कूटर गेली. पेन्सिल थांबली. मिस्त्री पाठ करून एका मशीनचा आवाज घेत होते. त्यांनी मान वळवून गिऱ्हाइकाला हातानं थांबवलं. स्कूटर अजून कोपऱ्यावर पोचलीही नव्हती, तोच पेन्सिल पुन्हा चालू लागली.

"आबा," मागून आवाज आला, "ते मशीन ऐका तुम्ही. माझं काय ऐकताय?"

मिस्त्रींनी निमूटपणे कॅलेंडराकडे तोंड केलं.