पदराच्या गाठीतली गोळी

केशोराव बिसेन माझे शेजारी. त्यांच्याइतका हट्टी माणूस गोंदियाकडच्या आमच्या अख्ख्या गोरेगाव तालुक्यात शोधून सापडला नसता. धानाच्या रोवणीच्या दिवसांत पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटायचे आणि कावडीने बांधीबांधीत पोचवायचे, हे काम ते दुसऱ्या कोणाला करू देत नसत. दिवसभर चिखलात वाकून कंबर मोडायची. त्यावर आमच्या गावाचा इलाज एकच, चारच्या चहाबरोबर अंगदुखीची लाल गोळी. ज्याच्या शेतात रोवणी, त्याच्या घरच्या बाईने चहा देतानाच ती सगळ्यांच्या हातावर ठेवायची. नाही ठेवली, तर पुढच्या वर्षी मजूर त्या बांधाकडे फिरकत नाहीत. केशोरावांच्या बायकोच्या, देवकाबाईंच्या, पदराच्या गाठीत ही गोळी कायम असायची, कारण नवऱ्याला ती बाराही महिने लागायची.

मग केशोरावांना हृदयाचा झटका आला. नागपूरला नेलं, मीही सोबत होतो. हृदयात रिंगा बसवल्या. सुटी देताना डॉक्टरांनी बजावलं, "रिंगा छान बसल्यात. पण किडनी आधीच कमजोर आहे, आणि तुम्ही पुढे किती वर्षं काढाल हे तिच्यावरही आहे. दर तीन महिन्यांनी रक्त-लघवी तपासा. आम्ही दिलेल्याशिवाय कुठलंही औषध घेऊ नका."

केशोराव बसमध्ये बसले आणि मला म्हणाले, "दुखलं दिल, अन् हे मूत तपासून राहिले! रिंग का मुतात बसवली काजी?"

मी पुष्कळ डोकं आपटलं. एकदाही तपासलं नाही बाबाने.

देवकाबाईंनी मात्र हृदयाची राखण अशी केली की विचारू नका. मीठ कमी, तेल बंद, तंबाखूचा खर्रा चुलीत. एका लग्नात नवऱ्याच्या पत्रावळीवरचं लोणचं त्यांनी माझ्यादेखत उचललं. हृदयाच्या गोळ्यांची वेळ कधी चुकली नाही. आणि चार वाजले की पदराची गाठ सोडून त्याच हाताने लाल गोळी द्यायच्या. तिला आमच्याकडे कोणी औषध म्हणतच नाही. ती चहातच धरलेली.

काही वर्षांनी केशोरावांचे पाय सुजले, धाप लागायला लागली. गोंदियाला डायलिसिस सुरू झालं. मीच मोटरसायकलवर न्यायचो. एकदा देवकाबाई पाणी आणायला बाहेर गेल्या असताना तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "दर्द की गोली कितने साल से खा रहे हो?" केशोरावांनी खाली बघितलं. डॉक्टर काय ते समजले. "उसी ने बची-खुची किडनी खराब कर दी। अब दिल भी ज्यादा दिन साथ नहीं देगा।"

माझं डोकं भडकलं. देवकाबाईंना सांगायला निघालो, तर केशोरावांनी मनगट धरलं.

"तिले नोको सांगू भाऊ. जित्तीच मरन ते."

त्यानंतर चारला देवकाबाई गोळी द्यायच्या, हे घ्यायचे, तोंडात धरायचे आणि गोठ्यामागे जाऊन थुंकून यायचे. मला राग यायचा आणि रडूही यायचं.

त्या पावसाळ्यात कावड त्यांच्या पोराच्या, भुपेंद्रच्या, खांद्यावर आली. केशोराव बांधावर खाट टाकून पडून होते, मी जवळ बसलो होतो. चारला देवकाबाई चहा घेऊन आल्या. रोवणाऱ्या बायकांना गोळ्या वाटून झाल्या. मग पोराजवळ जाऊन म्हणाल्या, "घे रे, आज दोन घे. लय वाकला तू." त्याने दोन्ही तोंडात टाकल्या.

"भुपेंद्र, थुक ते!" केशोराव खाटेवर उठून बसले. इतका मोठा आवाज त्यांच्यात उरला असेल असं मला वाटलं नव्हतं.

"काऊन जी?" देवकाबाई म्हणाल्या. "तुमी त रोज खाता."

"म्हणूनच गेल्या माया किडन्या. डाक्टरनं सांगतलं मले."

सगळ्या बायकांचे हात थांबले. देवकाबाईंनी तळहातावर उरलेल्या गोळ्यांकडे पाहिलं.

"मंग म्या…"

"मीच मांगत होतो तुले," केशोराव घाईने म्हणाले. "तुयी का चूक? मीच मांगो."

देवकाबाईंनी गोळ्या चिखलात टाकल्या आणि पायाने दाबल्या. मग बायकांच्या ओळीत उतरून अंधार पडेस्तोवर रोवत राहिल्या. कोणी हाक मारली तरी मान वर केली नाही.

दिवाळीआधी केशोराव गेले. ज्या हृदयाची त्या बाईने लोणच्याच्या फोडीपासून राखण केली, तेच थांबलं.

यंदा रोवणीला मी त्यांच्या बांधावर गेलो होतो. चहा आला, गोळी आली नाही. एक म्हातारी कुरकुरली, "कंबर तुटून राहिली बाई, गोळी त दे."

"दुखते त बस घडीभर," देवकाबाई म्हणाल्या. "माया हातानं आता कोणाले गोळी भेटत नाई."