फाल्या मोठी भरती आसा!

आता माझ्या अकलेचं काय सांगू तुम्हाला! तो कप आधी खाली ठेवा, न्हायतर चहा नाकातनं यील.

त्या वेळी मी शिरोली एमआयडीसीत फिटर हुतो. आमच्या कारखान्यात बनलेलं एक डिझेल इंजिन पार देवगडाच्या पुढं, मच्छीमारांच्या एका गावात बंद पडलं. मालकांनी मला धाडलं.

पावसाळा तोंडावर आलेला. गाव म्हंजे काय, मागं कडा, पुढं समुद्र, मधी चार घरं. आणि वारं? अहो, मोकाट सुटलेला वळू! पयल्याच दिवशी माझी टोपी उडाली ती गगनबावड्याच्या दिशेनं. माझ्या आधी घरला पोचली असंल!

इंजिन ज्यांच्या होडीचं, ते वामन तांडेल. काटक म्हातारा. सांजच्याला आभाळाकडं बघून मला म्हणाले, "फाल्या मोठी भरती आसा. माणसां कमी पडतली."

फाल्या म्हंजे उद्या, एवढं मला कळायला लागलं हुतं. पण भरती? अहो, मी कोल्हापूरचा! आमच्यात भरती म्हणजे मिलिटरी, न्हायतर पोलीस! माझा मावसभाऊ म्हादू आणि त्याच्या तालमीतली पोरं वर्षानुवर्षं पळत हुती, दूध पीत हुती आणि दर भरतीतनं हात हलवत परत येत हुती. मग मला राहवतंय व्हय?

"तांडेल, भायेरची पोरं चालतील?"

"चलतली मां! दांडगी होयी."

दांडगी पायजेत म्हणे! "उंची किती लागंल?"

तांडेलांनी हात डोक्याच्या वर नेला. "इतकी चढात."

म्हटलं, म्हादू बसतोय की! हळूच कानाशी लागलो, "वशिला?"

"आसा, आसा! बरी जाड आसा!"

वाऱ्यात त्यांना 'रशी' ऐकू आलेलं आणि उंची त्यांनी पाण्याची दावलेली, हे मला मागनं कळलं.

पळत एसटीडी बूथ गाठला. "म्हादू, उद्या भरती हाय! घावतील तेवढी पोरं घेऊन ये!"

"कसली भरती रं?"

"लय मोठी!" म्हणतोय तवर लाईन गेली.

दुसऱ्या दिवशी घाट उतरून दोन ट्रॅक्स आल्या आणि आख्खी तालीम भायेर पडली! बारीक कापलेली डोकी, प्लास्टिकात गुंडाळलेली सर्टिफिकेटं. एकाच्या कपाळाला तर जोतिबाचा गुलाल! उतरल्या उतरल्या वाळूत जोर-बैठका सुरू. तांडेल आ वासून बघायला लागले.

म्हादू छाती फुगवून पुढं झाला. "पावणं, भरती कुठं हाय?"

तांडेलांनी समुद्राकडं बोट केलं. "ती काय, इली!"

बघतोय तर काय, घराएवढी लाट!

पोरांनी समुद्राकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. खरं सांगतो, मला समुद्र बरा वाटला!

तांडेल ओरडले, "तेका मगे मारा! पयली रशी धरा, होडयो व्हावान जातल्यो!"

पण पोरं आमची मर्द! सर्टिफिकेटं गाडीत फेकली आणि भिडली की रशीला. पाऊस तोंडावर सपासप मारतोय, लाटा कंबरंपर्यंत येत्यात, आणि हे हैय्या म्हणत एकेक होडी वर घेत्यात. म्हटलं, आपण बी इज्जत वाचवावी. मीही रशी धरली. एक लाट आली. रशी जाग्यावर राहिली, मी गेलो! दोघांनी मला पाय धरून वडलं, उलटा करून पाणी काढलं. वर म्हादूची शिवी.

सगळ्या होड्या वाचल्या. तांडेलांच्या कारभारणीनं डोळं पुसत पुसत पोरांना मासळीचं कालवण आणि भात वाढला. "देवानच धाडल्यान तुमका," म्हणाली. पोरांनी पातेली चाटून पुसून ठेवली. माझ्याशी मात्र कोल्हापूर येईस्तवर कुणी बोललं न्हाय.

पुढच्या वर्षी तांडेलांनी स्वतः तालमीत फोन केला. "भरती आसा. येतास?"

कालवणाच्या आठवणीनं आख्खी तालीम तयार! मीही पिशवी भरून ट्रॅक्सात पाय टाकला, तर म्हादूनं दारात हात आडवा घातला.

"तू न्हाय."

"का रं?"

"तुला भायेर काढायला दोन माणसं लागत्यात. तेवढ्यात आमची एक होडी वडून हुतीया!"